चादरीचे कोपरे

माझ्या नाकावर सदा राग असतो असं आमच्या घरात म्हणतात. म्हणोत बापडे. दिवसभर तापलेल्या इस्त्रीशेजारी उभं राहा आणि मग मला सांगा तुमच्या नाकावर काय असतं ते. माझी लाँड्री आहे. दोन हॉटेलांच्या चादरी, एका दवाखान्याचे पडदे आणि आसपासच्या लोकांचे शर्ट माझ्या हाताखालून जातात. लग्न एकदा जमत आलं होतं, पण त्या माणसाची कॉलर मळलेली होती आणि मी ते त्याच्या आईसमोर बोलून गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. त्या घरातून पुन्हा निरोप आला नाही आणि मलाही तो नकोच होता.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, लाँड्रीच्या वरच राहतो. तो बस चालवतो आणि वहिनी दवाखान्यात नर्स आहेत. दोघांच्या ड्यूट्या अशा, की दोघं एका वेळी घरात दिसली तर मी कॅलेंडर बघायचे, आज सुट्टी आहे की काय म्हणून. त्यामुळे त्यांची मुलगी शाळा सुटली की माझ्याकडे. तिच्या पायाला भिंगरी, म्हणून तिचं नावच भिंगरी पडलं. खरं नाव आता फक्त पासपोर्टवर उरलंय. धुतलेल्या चादरींचा ढीग दिसला की ही लांबून धावत येऊन त्यावर कोलांटी मारणार, मी धपाटा घालायला जाणार, आणि तो चुकवायला ही आणखी एक कोलांटी मारणार. शेवटी वहिनींनी तिला पलीकडच्या रस्त्यावरच्या जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला घातलं. कोलांट्या मारल्या की शाबासकी मिळते अशीही एक जागा जगात आहे हे कळल्यावर पोरीला स्वर्ग दोन बोटं उरला.

पण आधी चादरींचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. डबलबेडच्या चादरीची घडी एकट्या माणसाला घालता येत नाही. आम्हाला येते म्हणणारे लोक असतात, त्यांच्या कपाटात एकदा डोकावून बघा. त्याला दोन माणसंच लागतात. समोरासमोर उभं राहायचं, दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, चादर ताणून झटकायची, आपापल्या हातातले कोपरे जुळवायचे आणि मग एकीने चालत येऊन आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे. मी जागेवर उभी राहायचे, भिंगरी यायची. चालत यायचं असतं, पण ही धावत यायची, थेट माझ्या नाकाला नाक लागेपर्यंत. आणि मग जी हसत सुटायची ती खालीच बसायची. प्रत्येक चादरीला हेच. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. मी म्हणायचे, दात नंतर काढ, आधी कोपरे जुळव. कारण हिचा डावा कोपरा कायम बोटभर खाली.

पुढे ती मोठी झाली, देशाच्या संघात गेली, संघाच्या वसतिगृहातच राहायला लागली. चादरींसाठी मी एक बाई ठेवली. ती चालत येते, कोपरे नीट जुळवते, कामाला चोख आहे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दुपारच्या वेळी दुकान इतकं शांत व्हायचं की मला भिंगरीची आठवण यायची, आणि आठवण आली की मी गिऱ्हाइकांवर खेकसायचे.

भिंगरीचा हातखंडा म्हणजे फ्लोअर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही कुठे माहीत होतं. एक मोठा चौकोनी गालिचा असतो, माझं दुकान आणि मागचं अंगण मिळून होईल त्याहून मोठा. त्याच्याखाली स्प्रिंगा असतात. एकट्या मुलीने त्यावर जायचं, दीडेक मिनिट गाण्यावर नाचायचं, आणि मधूनमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जाऊन हवेत गिरक्या आणि कोलांट्या मारायच्या. गाणं म्हणजे नुसती वाजवलेली धून, शब्द असले तर गुण कापतात. चौकोनाच्या कडेला पट्टी असते. पाय पट्टीबाहेर पडला की कोपऱ्यात बसलेला माणूस झेंडा वर करतो आणि तेवढे गुण गेले. तिने पहिल्यांदा मला हे समजावलं तेव्हा मी म्हटलं, अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मी तुला पाळण्यात असल्यापासून सांगतेय, त्यासाठी परदेशी नियम कशाला हवेत.

उड्यांमध्ये तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एवढीशी पोर, पण हवेत गेली की खाली यायची घाईच नाही. घोडं अडायचं ते नाचात. फ्लोअरवर उतरली की ही चेहरा असा करायची की दाताच्या डॉक्टरकडे रांगेत बसलीय. संघाचे सर एकदा घरी येऊन सांगून गेले, की परीक्षक तिथेच गुण कापतात. मुलगी प्रेक्षकांशी काही बोलत नाही, चेहऱ्यावर काही उमटत नाही म्हणतात. मला ते लागलं. तो चेहरा आमच्या घराण्याचा आहे. पण खोटं कशाला बोलू, टीव्हीवर बघताना मलाही वाटायचं, अगं, कोणी मेलंय का?

दोनदा ती जागतिक स्पर्धेला गेली आणि दोन्ही वेळा फ्लोअरला नववी आली. फायनलला आठच जणी घेतात. नववी आली ती राखीव. राखीव म्हणजे काय माहीत आहे? पूर्ण तयार होऊन, केस बांधून, बॅग मांडीवर घेऊन कडेला बसायचं, आठांपैकी कोणाचा पाय मुरगळला तर. कोणाचाही मुरगळला नाही, आणि मुरगळावा असं भिंगरीच्याही मनात येणार नाही. टीव्हीवर ती क्षणभर दिसली होती, बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत. मला टीव्हीच फोडावासा वाटला.

यंदा तिच्या गुडघ्याने हात टेकले. डॉक्टर म्हणाले बास, संघवाले म्हणाले एवढी एक स्पर्धा खेळ आणि मग नव्या मुलींना जागा दे. हे तिने मला फोनवर सांगितलं, अगदी साध्या आवाजात.

"आत्या, ही शेवटची. मला एकदा फायनलमध्ये नाचायचंय. मेडल मिळो न मिळो. फक्त बॅग घेऊन कडेला नाही बसायचं."

मी म्हटलं, नाही बसणार तू. एवढं म्हणून मी फोन ठेवला आणि एका गिऱ्हाइकाच्या चांगल्या शर्टावर इस्त्रीचा डाग पाडला. इतक्या वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भिंगरी सुट्टीवर आली, आणि सोबत संघाच्या नाचाच्या बाई. बारीक अंगाच्या, केसांत पेन्सिल खोचलेली, बोलणं इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागे. त्या भिंगरीचा नवा नाच बसवणार होत्या. मला वाटलं, आता अंगणात धांगडधिंगा होणार, म्हणून मी दोऱ्यांवरचे कपडेसुद्धा काढून ठेवले. कसलं काय. बाईंनी एक स्टूल मागितलं, दुकानाच्या कोपऱ्यात टाकलं आणि बसल्या. भिंगरी पूर्वीसारखी मला चादरींना हात लावायला उभी राहिली, आणि बाई मांजर उंदराच्या बिळाकडे बघतं तशा आमच्याकडे बघत राहिल्या. चहा आला की चहा प्यायच्या. मग पुन्हा बघायच्या. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, नाचाचं नाव नाही.

माझा पारा चढत चालला होता. ज्या पोरीचं अख्खं आयुष्य या एका नाचावर टांगलंय, तिच्या बाई आमच्याकडे चहा ढोसत बसल्यात. शेवटी मी विचारलंच, की तुम्हाला पगार मिळतो तो बसण्याचा का. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, बराचसा. मग मलाच म्हणतात, ती चादर पुन्हा एकदा झटकून दाखवाल का. मी म्हटलं, कोरडी झाली ती, आणखी झटकली तर फाटेल. पण विचारणं इतकं अदबीचं होतं की मी झटकली. मग त्यांनी विचारलं की मी इस्त्रीला ओलं बोट का लावते. तापलीय का ते बघायला. मग काय गाल लावू?

त्यातच शेजारचा बोका आला. हा बोका म्हणजे माझा जन्माचा वैरी. याला गल्लीभर जागा सोडून बसायला हॉटेलच्या पांढऱ्या चादरीच लागतात. मी कमरेवर हात ठेवून, बोट उगारून त्याला फाटकापर्यंत पिटाळला आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. परत येऊन बघते तर बाईंचे पाय स्टुलाखाली काहीतरी ठेका धरून हलत होते. मी म्हटलं, रिकामं बसण्यापेक्षा हे उशांचे अभ्रे तरी घ्या घडी घालायला. त्यांनी घेतले. घड्या अशा घातल्या की बघवेनात. मी सांगितलं, तुमच्या हाताला वळण नाही. त्या राग न मानता सगळे अभ्रे उलगडून पुन्हा घालायला बसल्या. तेवढ्यापुरतं मला त्यांचं कौतुक वाटलं.

निघायच्या दिवशी भिंगरी वर आंघोळीला गेली असताना त्यांनी मला विचारलं, "ही मुलगी हसते कधी?"

"चादरीची घडी घालताना," मी म्हटलं. "दुसरीकडे कुठे हसली तर मलाही बोलवा बघायला."

बाईंनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. मग केसांतली पेन्सिल काढून नुसत्या हातात फिरवत बसल्या आणि संध्याकाळी भिंगरीला घेऊन गेल्या. मी वहिनींना म्हटलं, फुकटचा चहा पिऊन गेली हो बाई, पोरीचं काही खरं नाही. वहिनी मूग गिळून बसल्या. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, कारण वहिनी गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत.

यंदाची जागतिक स्पर्धा आपल्याच देशात होती, राजधानीत. भिंगरीने घरच्यांसाठी तिकिटं पाठवली आणि मला वेगळा फोन केला. माझी खुर्ची पहिल्या रांगेत, अगदी कोपऱ्यात आहे, तिथेच बसायचं, दादाशी जागा बदलायची नाही. मी सांगितलं की मी येणारच नाही. दोनदा मी टीव्हीवर बघितलं आणि दोनदा ती नववी आली. उघड आहे, पनवती मीच आहे. या खेपेला मी टीव्हीही लावणार नव्हते. पडदे घेऊन इस्त्री करत बसणार होते.

फोनवर ती म्हणाली, "आत्या, तू त्या खुर्चीवर नसलीस तर माझ्या नाचाला शेवटच नाही."

मला वाटलं, खेळाडूंची असतात अशी खुळं, कोणी तोच तो मोजा घालतं, कोणी डावा पाय आधी टाकतं. मी म्हटलं, तुझ्या शेवटाचा आणि माझ्या बुडाचा काय संबंध? त्यावर तिने एकच विचारलं, येतेस की नाही. तो आवाज मी ओळखते. तो माझाच आहे. त्या आवाजापुढे वाद घालून कोणी जिंकलेलं मला आठवत नाही, म्हणून मी दुकानाला 'बंद' अशी पाटी लावली. पाटी बघून कोण गेलं म्हणून चौकशी करायला लोक घरी आले.

स्पर्धेची जागा म्हणजे एक प्रचंड मोठा हॉल, आत थंडी अशी की मला शाल आणायला हवी होती. मधोमध तो गालिचा, निळा, आणि त्याला पांढरी पट्टी. माझ्या मनात पहिला विचार आला की हा धूत कसे असतील. माझ्या एका बाजूला वहिनी, त्यांच्यापलीकडे दादा, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा दुसऱ्या देशाचे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची बायको. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण त्यांच्या शर्टाची इस्त्री चांगली होती, म्हणून मी त्यांना हसून नमस्कार केला.

देशोदेशीच्या पोरी येत होत्या. काय एकेक पोर. एक लहानगी उडी मारून थेट बुडावर आपटली आणि मी तिच्यासाठी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, अगं तू नक्की कोणाच्या बाजूची आहेस. मी म्हटलं, पडलेल्याच्या. समोरच्या मोठ्या फळ्यावर नावं वरखाली होत होती, वहिनींनी मला एवढंच समजावलं की वरच्या आठांत राहिली तर फायनल. भिंगरीचा गट सगळ्यात शेवटचा आणि त्या गटातही ती शेवटची. तिचे गुण लागले की जे असेल तेच खरं.

ती आली. इतर मुलींच्या अंगावर नुसता चमचमाट, आणि हिचा पोशाख साधा पांढरा, कडेने एक निळी रेघ. मनात म्हटलं, संघवाल्यांचे हात आखडले की काय. आणि ही रेघ तर आपल्या हॉटेलच्या चादरींची. मधोमध जाऊन तिने माझ्या खुर्चीकडे बघितलं. मी पटकन डोळे मिटून घेतले. उगीच पनवती नको.

"वन्सं, डोळे उघडा," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी मला चिमटा काढला.

फट्ट! ओली चादर झटकल्यासारखा आवाज आला आणि मी दचकून डोळे उघडले. त्या आवाजानेच गाणं सुरू झालं होतं. मग एक क्लॅरिनेट आणि ढोल, अगदी नाक वर करून चालल्यासारखी धून. भिंगरी धावली, उडाली, हवेत दोन गिरक्या घेऊन खिळा ठोकल्यासारखी उभी राहिली. मग दोन्ही हात वर नेले आणि असे खाली झटकले की त्याची लहर पार टाचेपर्यंत गेली. मला वाटलं, हे आपण कुठेतरी पाहिलंय. मग तिने बोटांनी चार दिशांना पाणी शिंपडल्यासारखं केलं. मग एक बोट जिभेला लावून, हळूच पुढे नेऊन, कशाला तरी टेकवून चटकन मागे घेतलं, आणि बरोबर त्या क्षणाला गाण्यात 'चर्र' झालं. हॉलमध्ये हसू पिकलं. मी वहिनींना म्हटलं, हे असं बोट चाटणं बरं दिसतं का चार लोकांत? वहिनींचे खांदे हलत होते.

आणखी एकदा धावली, आणखी उंच उडाली. उतरली ती कमरेवर हात ठेवूनच. बोट उगारलं, हनुवटी पुढे काढली, एक खांदा पाडला आणि पांढऱ्या पट्टीच्या आतून तरातरा चालत निघाली, कोणाला तरी पुढे घालून हाकलत. कोपऱ्यात थांबली, मागे वळली, पुन्हा एकदा परतून बोट नाचवलं, आणि हात ओले असल्यासारखे लांब धरून कोपराने कपाळावरचे केस मागे सारले.

कोपराने केस कोण सारतं? मी सारते. ती मी होते. तो उगारलेला हात माझा होता, ती चाल माझी होती, आणि ज्याला फाटकापर्यंत पिटाळलं तो तो बोका होता.

कानशिलं तापली माझी. सगळ्या जगासमोर माझी नक्कल! स्टूल, चहा, पुन्हा झटका ती चादर, सगळं एका झटक्यात डोक्यात शिरलं. वहिनींकडे बघितलं तर त्यांनी रुमाल तोंडात कोंबलेला. दादा लाल सिग्नलला थांबल्यासारखा सरळ समोर बघत होता. या दोघांना सगळं माहीत होतं. घरी चला, एकेकाला बघते, असं मी ठरवलं आणि मग माझी नजर भिंगरीच्या चेहऱ्याकडे गेली.

ती हसत होती. परीक्षकांना दाखवायला ओठ फाकवतात तसं नाही. तिचे डोळे हसत होते, कान हसत होते, तेच ते लहानपणचं फाजील हसू. आणि माझं नावगाव माहीत नसलेली, कुठकुठल्या देशांची माणसं माझ्या कोपरासाठी टाळ्या वाजवत होती. शेजारचे म्हातारे गृहस्थ आपल्या बायकोला कोपराने केस सारून दाखवत होते, आणि केस तर त्यांना नव्हतेच. माझा राग कुठे गेला कोण जाणे. मला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवू ते कळेना, म्हणून मी दादाच्या पाठीत धपाटा घातला.

आता शेवटची धाव राहिली होती. ती पार पलीकडच्या कोपऱ्यात गेली आणि तिथून माझ्या कोपऱ्याच्या दिशेने निघाली. वहिनींनी माझा हात घट्ट धरला. गुडघा, एवढंच त्या पुटपुटल्या. भिंगरी उडाली, पाठमोरी माझ्याकडे येत राहिली, आणखी उडाली, आणि उतरली ती माझ्यासमोर, माझ्याकडे पाठ करून. उतरली, पण टाच सरकली. मागे, आणखी जरा मागे, पांढऱ्या पट्टीवर. झेंडेवाला पुढे वाकला. अंथरूण पाहून, बाळा, अंथरूण पाहून, मी म्हणत होते, मोठ्याने म्हणत होते बहुतेक. टाच पट्टीवर थांबली. झेंडेवाल्याने झेंडा मांडीवरच राहू दिला.

मग ती वळली. गाणं आता हळू झालं होतं. तिने वाकून जमिनीवरून काहीतरी उचललं, दोन्ही हातांत धरलं आणि माझ्याकडे बघत मागे मागे गेली, ते ताणत. एकदा झटकलं. फट्ट, गाण्यातही वाजलं. हात एकत्र आणून कोपरे जुळवले. आणि धावत आली. चालत यायचं असतं, पण ती धावतच आली, थेट पट्टीपर्यंत, चवड्यांवर थांबली आणि कोपरे पुढे केले. माझ्यासमोर.

गाणं संपलं होतं, तिचे हात तसेच होते. आणि माझे हात वर गेले. मी नेले नाहीत, ते आपले आपण गेले, अंगठे आत आणि बोटं बाहेर, कोपरे घ्यायला जातात तसे. एवढ्या माणसांत उभी राहून मी तिच्या हातातले कोपरे घेतले. तेव्हा कुठे तिने हात खाली सोडले.

पुढचा गलका मला नीट आठवत नाही. म्हाताऱ्यांनी माझा हात हातात घेऊन खूप काही सांगितलं, एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. फळ्यावर गुण यायला फार वेळ लागला. मग नावं हलली आणि भिंगरी सहावी. वहिनी रडायला लागल्या, दादा उठून उभा राहिला आणि आता काय करायचं ते न सुचून पुन्हा बसला. सर नंतर म्हणाले, नाचाचे गुण परीक्षकांनी जवळपास कापलेच नाहीत.

भिंगरी जाकीट चढवून कठड्यापाशी आली. धाप अजून गेली नव्हती. आईबापांच्या गळ्यात पडून झालं आणि मग माझ्यासमोर उभी राहिली. जरा घाबरली होती, बरं का.

"रागावलीस?"

"डावा कोपरा खाली होता," मी म्हटलं.

ती जी हसत सुटली ती तिथेच खाली बसली, कॅमेऱ्यांसमोर, गुडघ्याची पर्वा न करता. मी कठड्यावरून हात घालून तिच्या डोक्यावर धपाटा घातला आणि मग तो हात तिथेच राहू दिला.

नाचाच्या बाई बाहेर भेटल्या. केसांत पेन्सिल होतीच. मी त्यांना बघून घेणार होते, काय काय बोलायचं ते जमवूनही ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, की परत या, आणि या खेपेला चहा पूर्ण प्या. त्या म्हणाल्या, येईन, अभ्र्यांचा सराव केलाय मी. खरं-खोटं बघायला हवं एकदा.

फायनल दोन दिवसांनी होती. हॉटेलवाल्यांचे फोन येत होते. मी सांगितलं, पाहुण्यांना म्हणावं आहे त्याच चादरीवर झोपा, आमच्या घरी नाच आहे. आणि हो, मेडल नाही मिळालं. ती पाचवी आली. आधीच सांगून टाकते, कारण दुकानात शर्ट टाकायला येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. चार पोरी तिच्याहून चांगल्या नाचल्या, आणि मी त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी कडेच्या खुर्चीवर दुसरीच कोणी मुलगी बॅग घेऊन बसली होती. मी तिच्याकडे बघून मान हलवली, पुढच्या वेळी, म्हणून.

भिंगरीची बॅग वहिनींच्या मांडीवर होती. भिंगरी फ्लोअरवर होती. तिने चादर झटकली, इस्त्री बघितली, बोक्याला हाकललं, आणि लोक पुन्हा हसले, मीही हसले. शेवटी ती मागे मागे गेली, कोपरे जुळवले आणि धावत आली. मी कधीची उठून उभी होते. तिने पट्टीवर थांबून हात पुढे केले, आणि मी नीट निरखून बघितलं. दोन्ही कोपरे एका रेषेत होते, बोटभरसुद्धा खालीवर नव्हते.

मी घेतले.